पाळण्याची दोरी सोडताना: बाळाला आपलं आपण झोपायला कसं शिकवायचं

माझ्या मुलीच्या पाळण्याची दोरी मी रात्री पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचे. ती कुरकुरली की झोपेतच माझा पाय हलायचा, वरची कडी करकरायची आणि ती परत झोपायची. घरातल्या बायकांनी या युक्तीचं कौतुक केलं होतं, मलाही ती फार हुशारीची वाटायची. सातव्या महिन्यात एकदा नीट मोजलं, तर पाय रात्रीतून सहा-सात वेळा हलत होता. दोरी सुटली की पोर टक्क जागं. मुलाच्या वेळी मी दोरी बांधलीच नाही. इथे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं, पहिल्या खेपेच्या चुकांसकट.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बाळ रात्री उठतंच. त्याच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्या माणसाचं ९० मिनिटांच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी त्यातलं काही आठवत नाही. बाळही चाळवतं, आणि डोळा लागताना जे भोवती होतं ते आहे का, हे चाचपतं. एसटीत शेजारच्याच्या खांद्यावर डोळा लागावा आणि जाग यावी तर शेजारची सीट रिकामी, गाडी भलत्याच स्टँडवर उभी, असं झालं तर आपणही दचकून उठून बसू. मांडीवर झोपलेल्या आणि गादीवर जाग आलेल्या बाळाचं रोज रात्री हेच होतं.

म्हणून शिकवायची आहेत ती फक्त झोप लागण्याआधीची शेवटची पाच-दहा मिनिटं. वेगळी खोली, रात्रीचं दूध तोडणं, ‘रात्रभर एका झोपेत झोपणारं बाळ’, हे सगळे वेगळे विषय आहेत. बाळ तुमच्याच खोलीत, तुमच्या हाताच्या अंतरावर राहूनही हे शिकू शकतं. वन रूम किचनमध्ये दुसरा पर्याय तरी कुठे असतो?

सुरुवात कधी

पहिल्या तीन महिन्यांत काहीही शिकवायला जाऊ नका. तेव्हा बाळाला दिवस-रात्रीचा फरकच नसतो. शरीरातलं घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून हळूहळू लागायला लागतं. त्या काळात मांडी, खांदा, थोपटणं, जे चालेल ते करा. फक्त सकाळी खिडक्या उघडून उजेड येऊ द्या आणि रात्री पाजताना दिवा मंद ठेवा, बोलू नका. घड्याळ लागायला तेवढी मदत पुरते.

चौथ्या महिन्यापासून झोपायचा क्रम बसवायला घ्या. झोळी-मांडी सोडवायचं खरं काम सहा महिन्यांच्या आसपास. नोकरी करणाऱ्या बाईची २६ आठवड्यांची प्रसूती रजा नेमकी तेव्हाच संपते. सोमवारी ऑफिस आणि रविवारी रात्री हा प्रयोग, असं करू नका. हजर व्हायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा, नाहीतर हजर होऊन दोन आठवडे जाऊ द्या. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

त्याआधी बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या: वजन नीट वाढतंय का, रात्रीच्या दुधाची गरज अजून किती आहे. झोपेत घोरणं, श्वास अडखळणं, दूध प्यायल्यावर पाठीची कमान करून रडणं, कान ओढणं, असलं काही असेल तर आधी त्याचा इलाज. ताप, सर्दी, लशीचा दिवस, घरात लग्नकार्य किंवा गावाला जायचा बेत असेल तर पुढे ढकला.

जागा

इथे माझं मत जरा कडक आहे, आणि ते सासूबाईंना आवडलं नव्हतं.

पहिलं वर्षभर बाळाला झोपवताना पाठीवरच ठेवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. भोवती उशी, लोड, मऊ खेळणी, सैल गोधडी काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून देतात ती मोहरीची उशीही नको. पाठीवर झोपवलेलं बाळ स्वतःहून पालथं-उताणं दोन्ही व्हायला लागलं, की रात्रभर उठून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळायची सवय असेल, तर कूस वळायचा पहिला प्रयत्न दिसताच ती बंद करा. पालथं पडलेल्या, हात बांधलेल्या बाळाला तोंड फिरवता येत नाही.

साडीच्या झोळीबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो, कारण मी स्वतः झोळीत वाढले. पण झोळीत पाठीचं धनुष्य होतं, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्या बाळाची श्वासाची वाट चिंचोळी होते. दिवसा, कुणीतरी समोर बसलेलं असताना, बाळाला शांत करायला झोळी वापरलीत तर मी काही बोलणार नाही. रात्रभराची झोप मात्र सपाट जागेवर. पाळण्यातही गादी सपाट आहे ना आणि कठड्याच्या फटीत डोकं अडकत नाही ना, हे तपासा. उठून बसणारं बाळ टांगत्या पाळण्यात ठेवूच नका.

बाळ मोठ्यांच्या गादीत झोपत असेल, तर त्याची वेगळी छोटी गादी तुमच्या गादीला न चिकटवता हातभर अंतरावर घाला. जमिनीवर झोपणाऱ्यांना हे फार सोपं, पडायची भीतीच नाही. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपणं सगळ्यात धोक्याचं, हे बाबा लोकांनी विशेष लक्षात ठेवावं.

डासांसाठी मच्छरदाणी घ्या. कॉइलचा धूर नको, धुरीही नको. ओव्या-शेपाच्या धुराने घर छान वासाचं होतं, पण ज्याची फुप्फुसं एवढीशी, त्याला धूर तो धूरच. पंखा चालू राहू दे. एका सुरातला त्याचा आवाज खालच्या रिक्षांचे आवाज बरेच झाकतो. कपडा सुती आणि एकेरी. मानेमागे हात लावून पाहा, घाम असेल तर बाळाला उकडतंय. कुंची झोपताना काढून ठेवायची.

तीन दिवस नुसतं लिहून ठेवा

मी संपलेल्या महिन्याचं कॅलेंडराचं पान उलटून त्यावर लिहायचे. किती वाजता डोळे चोळले, किती वाजता झोपलं, कशाने झोपलं, किती वाजता उठलं. तीन दिवसांत चित्र दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. तुमचं बाळ १२ तासवालं असेल, तर शेजारणीचं १५ तासवालं पाहून कष्टी होऊ नका.

दुसरं पाहायचं ते दोन झोपांमधलं अंतर. साधारण अंदाज असा: चार महिन्यांचं बाळ दीड ते दोन तास जागं राहतं, सहा महिन्यांचं दोन-अडीच, नऊ महिन्यांचं तीनेक तास. त्यापेक्षा जास्त ताणलं की ते दमतं, आणि दमलेलं बाळ शांत व्हायच्या ऐवजी चेकाळतं. आपण म्हणतो, ‘अजून खेळतंय, झोप आली नाहीये.’ झोप येऊन गेलेली असते. नजर स्थिरावणं, खेळण्यातून लक्ष उडणं, भुवया लालसर होणं, ही खरी वेळ. डोळे चोळणं आणि किरकिर म्हणजे उशीर झालाच.

आपल्याकडे एक खास अडचण असते: बाबा. ते साडेआठ-नऊच्या गाडीने येतात, त्यांना बाळाशी खेळायचं असतं आणि सगळं घर बाळाला तोवर जागं ठेवतं. नऊला उड्या, हवेत फेकणं, खिदळणं, आणि साडेदहाला ‘आज झोपत का नाही?’ आमच्याकडे तोडगा असा निघाला की खेळायची वेळ सकाळची. सहाला बाळ नाहीतरी उठतंच, तेव्हापासून ते बाबांचं. रात्री उशीर झालाच तर बाबांनी अंगाई म्हणायची, उड्या मारायच्या नाहीत. नवऱ्याला एकच अंगाई येते आणि तीही सुरात नाही. मुलाची कधी तक्रार आली नाही.

वेळ ठरवताना वहीत दिसेल तीच धरा. बाळ रोज दहालाच झोपत असेल, तर पहिल्या दिवशी साडेसातला गादीवर टाकून काही होणार नाही. दहाला सुरू करा, लवकर झोपायला लागलं की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा. रात्रीची वेळ सकाळच त्या जागी आणून बसवते.

रोजचा क्रम

वीस-तीस मिनिटांचा, रोज तोच, त्याच क्रमाने. आमचा असा होता: कोमट पाण्याने अंग पुसणं, सैल कपडे, दूध, ढेकर, खिडकीचा पडदा ओढणं, सगळ्यांना ‘अच्छा’ करणं, दिवा बंद, अंगाई, गादी. संध्याकाळी शुभंकरोती होत असेल तर ते या क्रमाचं छान तोंड होतं, कारण त्यानंतर घराचा आवाज तसाही उतरतो. टीव्ही बंद, निदान त्या खोलीतला तरी.

यातलं दूध मुद्दाम आधी आहे. बहुतेक घरांत पाजता पाजताच बाळ झोपतं आणि मग दूध म्हणजे झोप अशी गाठ पक्की बसते. ही गाठ सोडवायची तर दूध आणि गादी यांच्यामध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर घाला. पाजताना खोलीत थोडा उजेड असू द्या. ओढणं मंदावलं, नुसतं चोखणं उरलं, की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा, तोंड सुटतं. पुन्हा मागितलं तर पुन्हा द्या, पुन्हा सोडवा. पहिल्या रात्री मी हे बारा वेळा केलं, चौथ्या रात्री तीन वेळा.

झोळी किंवा मांडीपासून गादीपर्यंत

सगळा वेळ इथे जातो, आणि इथे घाई केली की फसतं. बाळाला गादीवर ठेवताना ते पेंगुळलेलं, पण जागं असायला हवं. डोळे जड, अंग सैल, पण आपल्याला कुठे ठेवलंय हे त्याला कळतंय, एवढं. सुरुवातीला हा क्षण सापडत नाही. ते एक तर ठार झोपतं नाहीतर ठार जागं होतं.

पाळणा-झोळीची सवय असेल तर मी असं उतरवलं. पहिले तीन दिवस नेहमीसारखं हलवायचं, पण डोळे मिटायला लागले की थांबायचं; झोप लागायची ती स्थिर झोळीत. पुढचे तीन दिवस जोर आणि झोका निम्मा, हात छातीवर. त्यानंतर हलवायचं फक्त शांत करण्यापुरतं, मग उचलून गादीवर. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं की पडल्यासारखं वाटून ते दचकतं. तुमचा हात छातीवर तसाच राहू दे. मग थोपटणं, मग थोपटण्याची लय हळू, मग नुसता हात, मग हात गादीवर, शेजारी. हे एका रात्रीत करायचं नाही. प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री द्या. मांडीची सवय असेल तर क्रम हाच, फक्त झोळीच्या जागी मांडी.

अंगाई सगळ्यात शेवटी सोडा, किंवा सोडूच नका. ती दुसऱ्या खोलीतून, अंधारातून, अर्धवट झोपेतही म्हणता येते.

रडण्याचं काय

किरकिर आणि रडणं यांत फरक आहे. किरकिर चढते-उतरते, मध्ये थांबून कानोसा घेते. रडणं चढतच जातं. किरकिरीला लगेच उचलायचं नाही, एक ते दोन मिनिटं थांबायचं. घड्याळ समोर ठेवा, कारण त्या दोन मिनिटांची आपल्याला दहा मिनिटं वाटतात. आवर्तनांमधली अर्धी किरकिर आपोआप विरते, आणि आपण धावत जाऊन नेमकं तेव्हाच बाळाला पूर्ण जागं करतो. मी मुलीच्या वेळी सात महिने तेच केलं.

खरं रडणं आलं तर दोन रस्ते आहेत. पहिला शेजारी बसण्याचा: बाळ गादीवर, तुम्ही शेजारी. आवाज, हात, फार झालं तर उचलून शांत करायचं आणि जागं असतानाच परत ठेवायचं. दर तीन-चार रात्रींनी तुम्ही हातभर लांब सरकायचं. दोन-तीन आठवडे लागतात. दुसरा वेळ लावून जाण्याचा: ठेवून बाहेर यायचं, रडलं तर ३ मिनिटांनी आत जायचं, मग ५, मग १०. प्रत्येक वेळी मिनिटभर धीर द्यायचा, न उचलता बाहेर. यात अनेक बाळं आठवड्याच्या आत शिकतात, पण पहिल्या दोन रात्री जड जातात. सहा महिन्यांच्या आत हा रस्ता नको.

याने बाळाच्या मनावर परिणाम होतो का, हे सगळेच विचारतात. ऑस्ट्रेलियात ४३ बाळांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ लावून जाण्याची आणि झोपायची वेळ हळूहळू सरकवण्याची, अशा दोन्ही पद्धती त्यात तपासल्या. लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं, वर्षभराने आईशी असलेली ओढही पाहिली. काही वाईट आढळलं नाही. तिथल्याच ३२६ मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात ती सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर झोप शिकवलेली आणि न शिकवलेली मुलं सारखीच निघाली. ना तोटा, ना फायदा. या दुसऱ्या निष्कर्षाने मला फार मोकळं केलं. म्हणजे हे सगळं घराची झोप व्हावी म्हणून करायचं. मांडीवर झोपवून तुम्ही सुखात असाल तर हा लेख इथेच बंद करून खुशाल झोपा.

मी पहिला रस्ता घेतला. आमच्या चाळवजा इमारतीत दहा मिनिटं रडणं म्हणजे चार दारं वाजणं. तुम्ही दुसरा घेणार असाल, तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ‘दोन-तीन रात्री आवाज येईल, काळजी करू नका.’ बायका समजून घेतात. सल्लेही देतात.

उलटी झाली, रडण्याचा सूर वेगळा वाटला, अंग गरम लागलं, तर पद्धत-बिद्धत विसरून उचला.

आजी

सगळं ठरवून नवव्या मिनिटाला आजी बाळाला उचलते, आणि बाळ शिकतं की नऊ मिनिटं रडायचं असतं. दोष आजीचा नाही. नातवाचं रडणं ऐकून बसून राहणं तिला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या आईंना मी आधी न सांगता सुरू केलं, ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी पाणी डोळ्यांत आणून म्हणाल्या, ‘माझ्या मांडीला काय काटे आहेत का गं?’

मग वाटणी केली. दुपारची एक झोप आजीच्या मांडीवर, हक्काची. रात्रीची गादीवर. बाळांना हे कळतं. कोणत्या जागी काय होतं हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर उमगतं. आणि रात्रीच्या क्रमातलं एक काम आजीला दिलं: अंग पुसून दृष्ट काढायची. ते झालं की ‘आता झोपायचं हं’ असं त्याच सांगायच्या. तेव्हापासून नियम मोडणाऱ्यांवर त्यांचीच नजर असते.

घरात कुणी झोपेसाठी काही ‘द्या थोडंसं’ म्हणालं तर ठाम राहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जात. तिला बाळागोळी म्हणत. त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आज सर्दी-खोकल्याचं औषध ‘गुंगी येते म्हणून’ देणं हा त्याचाच प्रकार. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको.

रात्रीचं दूध आणि दिवसाची झोप

दोन्ही थोडक्यात. डॉक्टरांनी एकदा पाजायला सांगितलं असेल तर पाजा: मंद दिवा, गप्पा नाहीत, प्यायलं की जागं असतानाच परत गादीवर. बाकीच्या वेळी आधी दोन मिनिटं थांबणं, मग हात. दूध तोडायची घाई नको; वर्षभरापर्यंत एखाददुसऱ्या वेळी उठून पिणारी भरपूर बाळं आहेत.

दिवसाची झोप नंतर नीट होते. रात्रीचं बसेपर्यंत दिवसा झोळी, फेरी, खांदा, काहीही चालेल. फक्त संध्याकाळी पाचनंतरची मोठी डुलकी टाळा.

मोडतं तेव्हा

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ कठड्याला धरून उभं राहायला शिकतं आणि रात्री दोनला तोच सराव करतं. बसायचं कसं ते येत नसल्याने उभ्या उभ्या रडतं. दिवसा उभं राहून खाली बसायचा भरपूर खेळ घ्या. रात्री न बोलता आडवं करा. याच सुमारास आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला कळायला लागतं, त्यामुळे ती जाताना पूर्वीपेक्षा जास्त रडतं. दिवसा लपाछपी खेळा, पडद्यामागून ‘भॉक’ करा. गेलेली आई परत येते हे त्यातच पाठ होतं.

गणपतीला गावी गेलात तर दहा जण उचलून घेणार, सगळे दिवे चालू, बाराला आरत्या. त्या दिवसांत काही सांभाळायला जाऊ नका. सोबत तीच चादर न्या, तीच अंगाई म्हणा. परत आल्यावर दुसऱ्या रात्रीपासून जुना क्रम पकडलात तर तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. आजारपणानंतरही तसंच: ताप असेपर्यंत कुशीत, उतरल्यावर दोन दिवसांनी गादीवर.

पाळणाघरात ठेवणार असाल तर तिथल्या ताईंना तुमचा क्रम कागदावर लिहून द्या, चार ओळींत. पाठीवर, सपाट जागी झोपवायचं, हे त्यात सगळ्यात वर लिहा. उरलेल्या ओळी त्या पाळतीलच असं नाही. दहा मुलं असतात. आमच्या ताई शेजारी बसून पाठ थोपटायच्या आणि मुलगा तिथे तसाच झोपायचा. घरी आल्यावर दोन महिने त्याने आमच्याकडे थोपटणं मागितलं नाही. एका रविवारी ताई सहज घरी आल्या, तेव्हा मात्र त्यांना पाहून पालथा पडला आणि पाठ पुढे केली.